दोन तारखांमधला पंतप्रधान : नरसिंह रावांची चरित्रे आणि ठाणे-कल्याणचा वाचक

एखाद्या राष्ट्रीय नेत्याची तीन-चार चरित्रे शेजारी ठेवून वाचली, तर त्यांच्यात तपशिलांचा विरोध फारसा आढळत नाही. आढळतो तो प्रमाणांतला फरक. जन्मतारीख, भूषविलेली पदे, निवडणुकांतील जय-पराजय यांवरून चरित्रकार सहसा भांडत नाहीत. भांडण असते ते कोणत्या दिवसाला किती पाने द्यायची यावरून, आणि ते वाचकासमोर येण्यापूर्वीच अनुक्रमणिकेत निकालात निघालेले असते. पी. व्ही. नरसिंह राव यांच्या चरित्रांबाबत हे विशेष ठळकपणे दिसते. कारण त्यांच्या पंतप्रधानपदाची पाच वर्षे लोकस्मृतीत दोनच तारखांना टांगलेली आहेत, २४ जुलै १९९१, म्हणजे नव्या औद्योगिक धोरणाचा आणि अर्थसंकल्पाचा दिवस, आणि ६ डिसेंबर १९९२, म्हणजे अयोध्येतील बाबरी मशीद पाडली गेली तो दिवस. पहिल्या तारखेला मध्यभागी ठेवणारा चरित्रकार दुसरीकडे स्पष्टीकरण देण्यापुरता वळतो, आणि दुसरीला मध्यभागी ठेवणारा पहिलीची दखल एखाद्या परिच्छेदात घेऊन पुढे जातो. या दोन्ही तारखांचे परिणाम ज्या प्रदेशात एकाच रेल्वेमार्गावर वस्तीला आले, त्या ठाणे-कल्याण पट्ट्यातील वाचकाने ही चरित्रे कशी वाचावीत, हा प्रस्तुत व्याख्यानाचा विषय आहे.

मराठी वाचकाला चरित्रवाचनाची सवय जुनी आहे. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ चे आणि ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चे. या संस्थांच्या कपाटांनी जी परंपरा सांभाळली तीत चरित्रलेखनाचे दोन अगदी वेगळे नमुने आहेत. न. चिं. केळकर यांनी टिळकांचे तीन खंडांचे चरित्र लिहिले ते सहकाऱ्याच्या आणि 'केसरी'च्या संपादकाच्या नात्याने, म्हणजे कागदपत्रांच्या आणि आठवणींच्या अगदी आत बसून. धनंजय कीर यांनी आंबेडकरांचे, सावरकरांचे, फुल्यांचे चरित्र लिहिले ते मुंबई महापालिकेतील नोकरी सांभाळून, बाहेरून साधने गोळा करत. आत बसलेल्याला माहिती मिळते, पण अंतर मिळत नाही. बाहेरच्याला अंतर मिळते, पण किल्ल्या मिळत नाहीत. राव यांच्या बाबतीत गंमत अशी की, सर्वांत आत बसलेला माणूस म्हणजे ते स्वतःच होते, आणि त्यांनी आपले आयुष्य लिहिले ते कादंबरी म्हणून.

चरित्रांकडे वळण्यापूर्वी चरित्रनायकाचा मराठीशी असलेला संबंध नोंदवणे आवश्यक आहे, कारण दिल्लीच्या चरित्रकारांनी तो सांगितला असला तरी त्यातून निष्कर्ष काढलेले नाहीत. २८ जून १९२१ रोजी निजामाच्या राज्यातील तेलंगणात जन्मलेले राव उस्मानिया विद्यापीठातील 'वंदे मातरम्' आंदोलनामुळे तेथून बाहेर पडले आणि त्यांचे पुढचे शिक्षण नागपूर व पुणे येथे झाले. पुण्यात ते फर्ग्युसन महाविद्यालयात होते आणि कायद्याची पदवी त्यांनी नागपूरला घेतली. हैदराबाद मुक्तिसंग्रामात त्यांचे नेते स्वामी रामानंद तीर्थ होते, आणि संस्थानाच्या सीमेबाहेर जी लढ्याची शिबिरे चालत त्यांपैकी चांदा येथील शिबिरात, म्हणजे आजच्या चंद्रपुरात, तरुण राव काम करत होते. हरि नारायण आपटे यांच्या 'पण लक्षांत कोण घेतो?' या कादंबरीचा तेलुगू अनुवाद त्यांनी केला. १९८४ च्या लोकसभा निवडणुकीत हनमकोंडा येथे पराभूत होऊनही ते लोकसभेत पोचले ते विदर्भातील रामटेकमुळे, आणि १९८९ मध्येही रामटेकनेच त्यांना निवडून दिले. त्यांच्या मंत्रिमंडळातील गृहमंत्री शंकरराव चव्हाण हे नांदेडचे. दोघेही हैदराबाद संस्थानातील राजकारणातून वर आलेले आणि दोघेही स्वामी रामानंद तीर्थांना मानणारे. ६ डिसेंबरच्या निर्णयप्रक्रियेत पंतप्रधान आणि गृहमंत्री यांच्यामागे असलेला हा समान भूतकाळ, ज्यात रझाकारांचा, म्हणजे निजामाच्या बाजूच्या सशस्त्र संघटनेचा, काळ दोघांनीही पाहिला होता, कोणत्याही चरित्रकाराने उलगडण्याजोगा आहे.

आता ग्रंथांकडे. १९९८ मध्ये 'द इनसायडर' ही राव यांची इंग्रजी कादंबरी प्रसिद्ध झाली. खऱ्या व्यक्तींची नावे बदलून खरे राजकारण सांगणाऱ्या कादंबरीचा हा प्रकार आपल्याकडे अपरिचित नाही. तीत वाचकाने पडद्यामागची माणसे ओळखावीत अशी अपेक्षा असते आणि लेखकाला मात्र 'ही केवळ कल्पना' असे म्हणण्याची सोय राहते. 'अफरोजाबाद' नावाच्या राज्यातील आनंद हा तिचा नायक म्हणजे राव आणि अफरोजाबाद म्हणजे आंध्र, हे ओळखायला कोणालाच कष्ट पडले नाहीत. जमीनसुधारणा, मुख्यमंत्र्यांची आपसांतील चढाओढ, दिल्लीच्या मर्जीवर टिकणारी पदे हा तिचा विषय; पंतप्रधानपदापर्यंत ती येतच नाही. मुख्यमंत्री म्हणून १९७१ ते १९७३ या काळात राव यांनी जमिनीच्या कमाल मर्यादेचा जो आग्रह धरला आणि वेगळ्या आंध्र राज्यासाठीच्या जय आंध्र आंदोलनाच्या धामधुमीत ज्या रीतीने त्यांचे पद गेले, तो घाव या पानांत ताजा आहे. आपट्यांची यमू प्रथमपुरुषी बोलते, आपले दुःख आपल्याच शब्दांत मांडते. त्या कादंबरीचा अनुवाद करणाऱ्या या लेखकाने स्वतःविषयी लिहिताना मात्र नाव बदलले आणि तृतीयपुरुषाचा आडोसा घेतला. पन्नास वर्षांच्या सार्वजनिक आयुष्यात जपलेली सावधगिरी निवृत्तीनंतरही सुटली नाही, असे याचे एक वाचन होऊ शकते. कादंबरी म्हणून ती लांबलेली आहे आणि तिच्यातील संभाषणे अनेकदा टिपणांसारखी वाटतात, तरी राव यांच्या मनाचा सर्वांत विश्वसनीय पुरावा आजही तीच आहे, कारण बचाव करण्यासाठी लिहिलेले ते पुस्तक नव्हे.

बचावासाठी लिहिलेले पुस्तक वेगळे आहे. 'अयोध्या : ६ डिसेंबर १९९२' हे राव यांचे पुस्तक त्यांच्या मृत्यूनंतर, २००६ मध्ये बाहेर आले. त्यानंतर दहा वर्षांनी, २०१६ मध्ये, दोन अभ्यासपूर्ण ग्रंथ एकाच वर्षी आले : विनय सीतापती यांचे 'हाफ-लायन' आणि संजय बारू यांचे '१९९१'. सीतापती यांचे पुस्तक हे जन्मापासून मृत्यूपर्यंतचे चरित्र असून राव यांच्या खासगी कागदपत्रांचा वापर प्रथम त्यांना करता आला. बारू यांचे पुस्तक एका वर्षाचे चरित्र आहे. त्याआधीच्या वर्षी आलेले जयराम रमेश यांचे 'टू द ब्रिंक अँड बॅक' हे तर काही आठवड्यांचेच चरित्र म्हणावे लागेल. पंतप्रधान कार्यालयात त्या उन्हाळ्यात काम केलेल्या माणसाने कागदांसह सांगितलेली ती हकीकत आहे. यांच्या जोडीला शरद पवार यांचे 'लोक माझे सांगाती', नटवर सिंह यांचे आत्मचरित्र आणि माजी केंद्रीय गृहसचिव माधव गोडबोले यांचे 'अपुरा डाव' ही पुस्तके ठेवली म्हणजे साक्षीदारांचा पिंजरा बऱ्यापैकी भरतो.

पंतप्रधानपदी राव यांची निवड कशी झाली, या एकाच प्रसंगावर साक्षी तपासून पाहता येतात. २१ मे १९९१ रोजी राजीव गांधी यांची हत्या झाली तेव्हा राव लोकसभेची निवडणूक लढवत नव्हते. दिल्लीतील बिऱ्हाड आवरून हैदराबादला परतण्याची त्यांची तयारी झालेली होती, आणि दक्षिणेतील एका मठाचे अधिपत्य स्वीकारण्याची विनंतीही त्यांच्याकडे आलेली होती. पवार यांच्या सांगण्यानुसार दहा जनपथाभोवतीच्या, म्हणजे सोनिया गांधी यांच्या निवासस्थानाभोवतीच्या, मंडळींना स्वतंत्र बुद्धीचा, वयाने तरुण आणि म्हणून दीर्घकाळ टिकणारा पंतप्रधान नको होता; वृद्ध आणि प्रकृतीने थकलेले राव त्यांना सोयीचे वाटले. नटवर सिंह सांगतात ती हकीकत वेगळी आहे : सोनिया गांधी यांनी इंदिरा गांधी यांचे एकेकाळचे सल्लागार पी. एन. हक्सर यांचा सल्ला घेतला, त्यांनी शंकर दयाळ शर्मा यांचे नाव सुचवले, शर्मा यांनी प्रकृतीचे कारण सांगून नकार दिला आणि मग राव यांचे नाव आले. बारू यांचा भर पक्षांतर्गत संख्याबळावर, दक्षिणेतून निवडून आलेल्या खासदारांवर आणि राव यांनी स्वतः केलेल्या हालचालींवर आहे. या तिन्ही हकीकती एकमेकींना पूर्णतः खोडून काढत नाहीत, मात्र प्रत्येक सांगणाऱ्याने आपण जेथे उभे होतो तेथून दिसणारे दारच मुख्य दार मानले आहे. पवार स्वतः पंतप्रधानपदाच्या स्पर्धेत होते, त्यामुळे त्यांच्या कथनात पराभूत उमेदवाराची सल आहे, आणि ती लपवलेली नाही, हा त्या कथनाचा गुणच समजावा. सल लपवून लिहिलेली आत्मचरित्रे मराठीत कमी नाहीत.

२१ जून १९९१ रोजी शपथ घेतलेले सरकार अल्पमतातील होते, म्हणजे लोकसभेत सत्ताधारी पक्षाला स्वतःच्या बळावर निम्म्याहून अधिक जागा नव्हत्या. आणि देशाकडील परकीय चलन अवघ्या काही आठवड्यांच्या आयातीला पुरेल इतकेच उरले होते. शपथविधीपूर्वीच मंत्रिमंडळ सचिव नरेश चंद्र यांनी या परिस्थितीचे टिपण राव यांच्या हाती ठेवले, हे सीतापती नोंदवतात. १ आणि ३ जुलैला रुपयाचे दोन टप्प्यांत अवमूल्यन झाले, म्हणजे परकीय चलनाच्या तुलनेत त्याची किंमत सरकारने उतरवली. त्याच महिन्यात रिझर्व्ह बँकेचे सुमारे ४७ टन सोने कर्जाच्या तारणासाठी परदेशी पाठवले गेले. आणि २४ जुलैला अर्थमंत्री डॉ. मनमोहन सिंग यांच्या अर्थसंकल्पाआधी काही तास नवे औद्योगिक धोरण सभागृहाच्या पटलावर ठेवले गेले. उद्योग खाते राव यांनी स्वतःकडे ठेवले होते, परंतु धोरण मांडले ते राज्यमंत्री पी. जे. कुरियन यांनी. चाळीस वर्षांचे 'परवाना राज', म्हणजे कारखाना काढायला, वाढवायला किंवा हलवायला केंद्राची लेखी अनुमती लागण्याची पद्धत, त्या एका दुपारी निवडक १८ उद्योग वगळता संपुष्टात आली, आणि ज्याने ती संपवली तो त्या विषयावर बोललाच नाही.

हे मौन हेच सीतापती यांच्या चरित्राचे खरे सूत्र आहे. सुधारणांच्या कल्पना नव्या नव्हत्या, त्यांचे मसुदे आधीच्या सरकारांच्या काळात तयार झालेले होते. राव यांनी त्या राबवण्याची वेळ, माणसे आणि शब्द निवडले, असे ते मांडतात. त्याचे सर्वोत्तम उदाहरण जयराम रमेश यांनी जवळून पाहिलेल्या प्रसंगात आहे. औद्योगिक धोरणाचा मसुदा मंत्रिमंडळासमोर गेला तेव्हा ज्येष्ठ काँग्रेसजनांनी हरकती घेतल्या, कारण नेहरूंच्या मार्गाला सोडचिठ्ठी दिल्याचा वास त्यांना त्यात आला. मग मसुद्याला नवी प्रस्तावना जोडण्यात आली, तीत नेहरू, इंदिरा आणि राजीव यांच्या धोरणांना वंदन करून प्रस्तुत बदल हे त्याच वाटेवरचे पुढचे पाऊल असल्याचे सांगितले गेले. आतील तरतुदी जवळजवळ तशाच राहिल्या आणि धोरण मंजूर झाले. बारू याच गोष्टीला व्यापक चौकट देतात. त्यांच्या मते १९९१ हे वर्ष केवळ अर्थसंकल्पाचे नव्हते. चंद्रशेखर सरकारने घेतलेले अप्रिय निर्णय, सोव्हिएत संघाचे विघटन, काँग्रेसमध्ये दीर्घ काळानंतर संघटनात्मक निवडणुका घेण्याचा राव यांचा निश्चय हे सगळे त्यात येते. सीतापती यांच्या पुस्तकात माणूस मोठा होतो, तर बारू यांच्या पुस्तकात वर्ष. चंद्रशेखर आणि त्यांच्या सहकाऱ्यांना बारू यांनी दिलेले श्रेय अधिक न्याय्य आहे, हे येथे स्पष्टपणे म्हणायला हवे.

मात्र दोघांच्याही पुस्तकांत २४ जुलैची दुपार दिल्लीतच मावळते. त्या धोरणात एक कलम असे होते की, दहा लाखांहून अधिक लोकसंख्येच्या शहरांत प्रदूषण न करणारे उद्योग सोडून बाकीचे नवे उद्योग शहराच्या हद्दीपासून २५ किलोमीटरच्या बाहेर असावेत, अपवाद फक्त आधीच ठरलेल्या औद्योगिक क्षेत्रांचा. मुंबईच्या हद्दीला चिकटलेले ठाणे या २५ किलोमीटरच्या आत पडते. वागळे इस्टेट हे मात्र १९६० च्या दशकापासूनचे नियोजित औद्योगिक क्षेत्र असल्याने अपवादात बसते. कागदावर, म्हणजे, वागळे इस्टेटच्या यंत्रांना धोका नव्हता. परंतु परवान्याचे जे कुंपण स्पर्धकाला बाहेर ठेवत होते तेच छोट्या कारखानदाराला आत सांभाळतही होते. कुंपण गेल्यावर जमिनीची किंमत आणि तीवर निघणाऱ्या मालाची किंमत यांची तुलना सुरू झाली, आणि पुढील दोन दशकांत शेडच्या जागी कार्यालयांचे काचेचे मनोरे आले. डोंबिवलीजवळ प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यात तर नव्या धोरणाचे पहिले फळ आणि त्याचा पहिला कडवटपणा एकाच छताखाली पाहायला मिळाला : ज्या कंपनीची पद्मिनी मुंबईची टॅक्सी म्हणून प्रसिद्ध होती, तिने १९९० च्या दशकाच्या मध्यावर प्यूजो या फ्रेंच कंपनीशी भागीदारी करून तेथे '३०९' ही मोटार बनवायला घेतली, आणि दशक संपण्यापूर्वीच ती भागीदारी मोडली.

येथे एक सावधगिरी बाळगावी लागते. या पट्ट्यातील प्रत्येक बंद फाटकाचे खापर १९९१ वर फोडणे इतिहासाला धरून होणार नाही. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी संपाने गिरणगावातून उखडलेली कुटुंबे डोंबिवली-कल्याणच्या चाळींत आणि इमारतींत आली ती राव पंतप्रधान होण्याच्या कितीतरी आधी. आणि मोहने-आंबिवलीची नॅशनल रेयॉन बंद पडली ती २००९ मध्ये, राव यांच्या मृत्यूनंतर पाच वर्षांनी. तरीही 'भारताचा कायापालट' असा शब्द मुखपृष्ठावर घेणाऱ्या सीतापती यांच्या चरित्राने त्या कायापालटाची किंमत कोणी आणि कोठे मोजली याचा एक तरी पत्ता द्यायला हवा होता. परकीय गंगाजळीचे आकडे महिन्यागणिक दिलेले आहेत. कामगाराच्या पगारपत्रकाला जागा मिळालेली नाही. नव्या नोकऱ्यांनाही ती मिळालेली नाही : सकाळच्या जलद लोकलला डोंबिवलीत जी गर्दी उसळते तीत बँका, विमा आणि संगणक कंपन्यांत काम करणारी जी पिढी आहे, ती याच धोरणाची देणगी असून ती कथाही चरित्राबाहेरच राहिली.

दुसऱ्या तारखेकडे वळताना पुराव्याचे स्वरूप बदलते. राव यांचे स्वतःचे पुस्तक हे मुख्यतः घटनात्मक युक्तिवाद आहे. उत्तर प्रदेश सरकारने सर्वोच्च न्यायालयाला आणि राष्ट्रीय एकात्मता परिषदेला मशिदीच्या वास्तूच्या संरक्षणाची हमी दिली होती, राज्यपाल सत्यनारायण रेड्डी यांनी १ डिसेंबरला राष्ट्रपती राजवट लागू करू नये असा सल्ला कळवला होता, आणि घडण्यापूर्वीच्या अपराधासाठी निवडून आलेले सरकार बरखास्त करणे संघराज्याच्या चौकटीत बसत नव्हते, असा त्याचा आशय आहे. येथे घटनेच्या ३५६ व्या कलमाचा संदर्भ आहे, ज्यानुसार राज्याचा कारभार घटनेप्रमाणे चालणे अशक्य झाल्यास केंद्र तो आपल्याकडे घेऊ शकते. गोडबोले यांची साक्ष याच्या नेमकी समोर उभी राहते. गृहसचिव म्हणून त्यांच्या मंत्रालयाने वास्तू आधीच ताब्यात घेण्याची योजना नोव्हेंबरमध्ये तयार केली होती. कारसेवकांची गर्दी जमल्यानंतर ती राबवणे शक्य नव्हते, म्हणून निर्णय वेळेवर होणे हाच तिचा प्राण होता, आणि निर्णयच झाला नाही. महाराष्ट्र केडरच्या या अधिकाऱ्याचे लेखन कोरडे आहे, त्यात प्रशासकीय टिपणाची शिस्त आहे, आणि म्हणूनच ते राव यांच्या युक्तिवादाला सर्वांत जड जाते. राव कायदा सांगतात, गोडबोले वेळापत्रक सांगतात.

सीतापती यांनी या दोहोंच्या मधली जागा घेतली आहे. राव यांचा कटात हात होता किंवा ते मुद्दाम स्वस्थ बसले, हा आरोप ते फेटाळतात. परंतु हिंदू संघटनांच्या नेत्यांशी पडद्याआड बोलून आपण प्रश्न सोडवू शकतो हा राव यांचा आत्मविश्वास चुकीचा ठरला, असे ते म्हणतात. त्यांचा सर्वाधिक गाजलेला पुरावा वैद्यकीय आहे. राव यांचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. श्रीनाथ रेड्डी त्या दुपारी दूरचित्रवाणीवरील दृश्ये पाहून पंतप्रधानांच्या निवासस्थानी गेले, तेव्हा त्यांना राव यांच्या हृदयाचे ठोके आणि रक्तदाब वाढलेला आढळला. ही शरीराची साक्ष आहे, ती खोटी असू शकत नाही, असा चरित्रकाराचा रोख आहे. प्रसंग म्हणून तो अप्रतिम आहे. पुरावा म्हणून मात्र त्याची मर्यादा ध्यानात घ्यावी लागते : नाडीवरून धक्का बसल्याचे कळते, धक्का कशाचा होता हे कळत नाही. आपला डाव फसल्याचा, राजकीय अंताच्या जाणिवेचा किंवा खऱ्याखुऱ्या दुःखाचा धक्का नाडीला सारखाच जाणवतो. शिवाय नोव्हेंबरमधील निर्णयहीनतेचा प्रश्न ६ डिसेंबरच्या नाडीने सुटत नाही. हेच चरित्र १९८४ च्या शीखविरोधी हत्याकांडाच्या वेळी गृहमंत्री असलेल्या राव यांना जराही सवलत देत नाही, पंतप्रधान कार्यालयाकडून आलेल्या सूचनेपुढे त्यांनी मान तुकवली म्हणून त्यांच्यावर कठोर ठपका ठेवते. तेव्हा चरित्रकार भक्त आहे असे म्हणता येणार नाही. तरीही आठ वर्षांच्या अंतराने दोनदा दिसलेली, निर्णयाच्या क्षणी दुसऱ्या कोणाकडे पाहत राहण्याची ही एकच वृत्ती होती का, हा प्रश्न दोन प्रकरणांच्या मधल्या कोऱ्या पानावर पडून राहिला आहे. मशीद पाडल्याच्या चौकशीसाठी १६ डिसेंबर १९९२ रोजी नेमलेल्या लिबरहान आयोगाचा अहवाल ३० जून २००९ रोजी सादर झाला, तोवर राव हयात नव्हते.

या तारखेचा ठाण्यातील पत्ता मुंब्रा हा आहे. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मधील मुंबईच्या दंगलींत, श्रीकृष्ण आयोगाच्या नोंदीनुसार, सुमारे ९०० माणसे मृत्युमुखी पडली. त्यानंतर मुंबईच्या मिश्र वस्त्यांतून बाहेर पडलेली असंख्य मुस्लिम कुटुंबे डोंगर आणि खाडी यांच्या मधल्या या लहानशा गावात येऊन राहिली आणि काही वर्षांतच ठाणे महापालिकेच्या हद्दीतले ते एक दाट शहर बनले. दंगलींनंतर मुख्यमंत्री सुधाकरराव नाईक यांच्या जागी शरद पवार यांना संरक्षण मंत्रालयातून मुंबईला परत पाठवण्याचा निर्णय राव यांचा, आणि पवार यांनी ६ मार्च १९९३ रोजी सूत्रे घेतल्यानंतर सहा दिवसांनी मुंबईत बॉम्बस्फोट झाले, हे चरित्रांत येते. पवार यांच्या परत पाठवणीत दिल्लीतील प्रतिस्पर्धी दूर करण्याचा हेतू होता की नाही, यावरही चर्चा होते. मुंब्र्याला मात्र कोणी उतरत नाही. मध्य रेल्वेच्या धिम्या मार्गावर ठाणे, कळवा, मुंब्रा, दिवा, कोपर, डोंबिवली, ठाकुर्ली, कल्याण अशी स्थानके लागतात. वागळे इस्टेटहून डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीकडे जाणारा माणूस मुंब्र्यावरूनच जातो. म्हणून या भागातील वाचकाला राव यांचे मूल्यमापन दोन स्वतंत्र तराजूंत करणे, एकात अर्थमंत्र्याला पाठबळ देणारा मुत्सद्दी आणि दुसऱ्यात अयोध्येत चुकलेला प्रशासक, कृत्रिम वाटले तर नवल नाही. ज्या हातोटीने मसुद्याला प्रस्तावना जोडून मंत्रिमंडळाची हरकत विरघळवली, त्याच हातोटीवर अयोध्येत भिस्त ठेवली गेली. पहिल्या वेळी समोर फाइल होती, दुसऱ्या वेळी जमाव.

राव यांच्या उत्तरार्धाबद्दल चरित्रांत फारसा मतभेद नाही. जुलै १९९३ चा अविश्वास ठराव २५१ विरुद्ध २६५ मतांनी फेटाळला गेला, त्या मतांसाठी झारखंड मुक्ती मोर्चाच्या खासदारांना पैसे दिल्याच्या प्रकरणी कनिष्ठ न्यायालयाने २००० मध्ये त्यांना दोषी ठरवले, दिल्ली उच्च न्यायालयाने २००२ मध्ये मुक्त केले. २३ डिसेंबर २००४ रोजी दिल्लीत मृत्यू झाल्यावर पक्षाच्या मुख्यालयाचे फाटक त्यांच्या पार्थिवासाठी उघडले नाही आणि अंत्यसंस्कार हैदराबादला झाले. सीतापती यांनी चरित्राचा आरंभच या अंत्ययात्रेने केला आहे. त्यामुळे वाचकाची सहानुभूती पहिल्याच प्रकरणात राव यांच्याकडे जाते, आणि पुढचे चारशे पानांचे तपशील त्या सहानुभूतीच्या उताराने वाहतात. २०२४ च्या भारतरत्नाने तर हा उतार अधिकच तीव्र केला. चरित्राच्या रचनेची ही ताकद कबूल करूनही तिच्यापासून सावध राहावे लागते.

या सर्व ग्रंथांच्या मध्यभागी नसलेला एक विषय असा की, कल्याण-डोंबिवलीच्या नागरिकाचा रोजचा संबंध राव यांच्या कारकीर्दीतील ज्या कायद्याशी येतो तो अर्थसंकल्प नव्हेच. ती ७४ वी घटनादुरुस्ती आहे. राजीव गांधी यांच्या काळात राज्यसभेत अडकलेला हा विचार राव यांच्या अल्पमतातील सरकारने मंजूर करवून घेतला आणि १ जून १९९३ पासून नगरपालिका व महानगरपालिकांना घटनेत स्थान मिळाले : ठरावीक मुदतीत निवडणुका, महिलांसाठी किमान एक तृतीयांश जागा, मोठ्या शहरांत प्रभाग समित्या, म्हणजे काही वॉर्डांच्या गटाचा कारभार जवळून पाहणाऱ्या समित्या. महिलांना स्थानिक संस्थांत ३० टक्के आरक्षण महाराष्ट्राने १९९० मध्येच दिले होते, त्यामुळे आपल्याकडे सगळेच नवे नव्हते. परंतु १ ऑक्टोबर १९८३ रोजी स्थापन झालेल्या कल्याण-डोंबिवली महापालिकेवर तेव्हापासून प्रशासकाचा अंमल होता, आणि तिचे पहिले निवडून आलेले सभागृह आले ते १९९५ मध्ये, ही दुरुस्ती झाल्यानंतर. गोळवली-आजदेच्या रस्त्यांबद्दल किंवा आधारवाडीच्या कचऱ्याबद्दल ज्या नगरसेवकाला धारेवर धरले जाते, त्याच्या पदामागची घटनात्मक हमी कोणाच्या काळातली, हे सांगणारे पान या ग्रंथांतून शोधून काढावे लागते.

असाच दुसरा कच्चा राहिलेला धागा रामटेकचा. ठाण्याचे खासदार रामभाऊ म्हाळगी यांनी लोकप्रतिनिधी म्हणून केलेल्या कामाचा छापील अहवाल मतदारांपुढे ठेवण्याचा पायंडा पाडला होता. तशा अहवालांमुळे पुढे चरित्र लिहिणाऱ्याला मतदारसंघ आयता हाती लागतो. राव यांच्या रामटेकच्या सात वर्षांबाबत चरित्रकारांनी बहुतांशी 'सुरक्षित मतदारसंघ' एवढ्यावर समाधान मानले आहे. मराठी सफाईने बोलणारा, पूर्वी नागपुरातच शिकलेला केंद्रीय मंत्री पारशिवनी-मौद्याच्या शेतकऱ्यांशी काय बोलत होता, संत्र्याच्या आणि धानाच्या प्रश्नांवर त्याने काय केले, स्थानिक काँग्रेसने त्याला आपला मानले की दिल्लीने पाठवलेला पाहुणा, याची उत्तरे १९८४ ते १९९१ या काळातील नागपूरच्या दैनिकांच्या फायलींत आणि त्या वेळच्या कार्यकर्त्यांच्या स्मरणात शोधावी लागतील. पंतप्रधान झाल्यावर सहा महिन्यांच्या आत संसदेवर निवडून येणे राव यांना आवश्यक होते, आणि तेव्हा त्यांनी महाराष्ट्राकडे न पाहता आंध्रातील नंद्याल निवडले. तेलुगू पंतप्रधान म्हणून तेलुगू देसमचे नेते एन. टी. रामाराव यांनी तेथे आपल्या पक्षाचा उमेदवारच दिला नाही. ज्या राज्याने दोनदा लोकसभेत पोचवले त्याच्याकडे पाठ फिरवून, ज्या राज्याने मुख्यमंत्रिपदावरून घालवले त्याच्याकडे राव परतले, याचे कारण भावनेचे होते की बेरजेचे, हे ठरवण्यासाठी लागणारी साधने तेलुगूत आणि मराठीत आहेत. आजवरची मुख्य चरित्रे इंग्रजीत लिहिली गेली आहेत.